भरतीलाही चालते

कातळपाडा, बोरिवलीच्या खाडीपलीकडे
रविवार, १५ डिसेंबर १९८५

ती. दादांस सा. नमस्कार.

आज शाळेला सुट्टी होती. सकाळी विहिरीवरून दोन कळश्या पाणी आणले. कपडे धुतले. नलिनीच्या दोन साड्या दोरीवर होत्या, त्या घडी करून ट्रंकेत ठेवल्या. दुपारी धक्क्यावर जाऊन आलो. बोरिवलीकडच्या होड्या चालू आहेत. धाकूची होडी तेवढी वर ओढून ठेवली आहे.

नलिनीला जाऊन आज अठरा दिवस झाले. बहिणीच्या तेराव्याला तुम्ही घाटकोपरला आमच्या खोलीवर आलात, पण पाणीही न घेता गेलात. बोलायचे राहिले. समोरासमोर मला बोलणे जमत नाही, तुम्हाला ते माहीत आहे, म्हणून लिहितो.

अनूचा ताप आता उतरला असेल. ताप होता म्हणून ती त्या दिवशी मालनवहिनींजवळ मुलुंडला राहिली, नाहीतर ती आईबरोबर असती. हा विचार मी दिवसातून पुष्कळ वेळा करतो आणि तिथेच थांबतो. ती चार वर्षांची आहे, बापाला विसरण्याचे वय आहे. मी शाळेत असेन तेव्हा आमच्या घरमालकीण कृष्णाबाई तिला सांभाळतील. त्या कोळी आहेत, वयस्कर आहेत, त्यांना नातवंडे नाहीत. पुढच्या रविवारी अनूला न्यायला येऊ का, ते कळवावे.

तक्रारीच्या कागदावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी सही केली आहे. होडीवाला धाकू याने पौर्णिमेचे उधाण असूनही बाईला सूचना दिली नाही आणि खालच्या बांधाने जाऊ दिले, असे त्यात लिहिले आहे. सही करताना तुम्ही विचारलेत, असेच झाले ना? मी मान डोलावली. मी त्या वेळी शाळेत होतो, चौथीच्या वर्गावर. भरती ओसरल्यावर मिठागरावरची माणसे मला बोलवायला आली.

ती त्या वाटेने का गेली, यावर मला काही सांगता येत नाही.

अनूला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

श्यामकांत


कातळपाडा
रविवार, २९ डिसेंबर १९८५

ती. दादांस सा. नमस्कार.

आज वह्या तपासल्या. दुपारी जेवलो नाही, भूक नव्हती. संध्याकाळी कृष्णाबाईंनी भाकरी आणून दिली.

तुमचे उत्तर आले नाही. पत्र पोचले नसेल असे धरून पुन्हा लिहितो.

तुम्ही तेराव्याला वहिनींना म्हणालात की शहरातली पोरगी त्या रानात नेऊन टाकली. ते माझ्या कानावर आले. इथे येण्याला तुमचा विरोध होता आणि नलिनीचाही. पण बाबांची गिरणी संपात गेली ती पुन्हा सुरू झाली नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसे. जूनमध्ये या शाळेवर बदली झाली, बरोबर घर मिळत होते, अंगण होते. मला वाटले, बोरिवली स्टेशनपासून दीड तासावर तर आहे, हे काही परगाव नव्हे.

पण परगावच आहे. इथे रस्त्याला नाव नाही, घराला नंबर नाही. डावीकडे-उजवीकडे असे कोणी म्हणत नाही. दर्याकडे आणि खाडीकडे, वर आणि खाली, एवढ्यावर सगळे चालते. पहिल्या आठवड्यात मी एका म्हाताऱ्या कोळ्याला पोस्टाची वाट विचारली. तो म्हणाला, "कवा?" मी म्हटले, कधी जायचे त्याचा वाटेशी काय संबंध, तुम्ही वाट सांगा. टोपल्या घेऊन बसलेल्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "मास्तरला पोस्टात जायचाय का लगनाला?" मी तसाच निघालो आणि अर्ध्या वाटेवर चिखल लागला, परत फिरलो.

धक्क्यापासून आमच्या पाड्याला दोन वाटा आहेत. खालची मिठागराच्या बांधावरून, सरळ, वीस मिनिटांची. वरची रेतीच्या टेकाडावरून, सुरूच्या झाडांतून, कोळ्यांच्या घरांना वळसा घालत, पाऊण तासाची. कोणती केव्हा धरायची ते पाण्यावर असते. पुढे धाकूनेच मला भरतीचा हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. मला फार आवडले ते. महिनाभर मी रोज घड्याळाशी ताडून पाहत होतो.

नलिनी असे काही शिकली नाही. ती विचारत जायची. वाण्याकडे निघाली की वाटेतल्या प्रत्येक दारात थांबून, आता वरून जाऊ की खालून, असे विचारायची. वीस मिनिटांच्या कामाला दीड तास लावायची आणि येताना कोणाकडे बाळ झाले, कोणाची सून माहेरी गेली, हे सगळे घेऊन यायची, कधी पदराखाली चार बोंबील. एकदा भलत्याच पाड्यात निघाली. धाकूची बायको तिला हाताला धरून घरी घेऊन आली. कृष्णाबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाय, तुझ्या कमरंला दोरी बांधते, मग हरवनार नाय." नलिनीला हसू आवरेना. मला नाही आले हसू. मास्तरची बायको दारोदार वाट विचारत हिंडते, हे मला बरे वाटत नव्हते.

एवढे लिहिले ते यासाठी की ती वाट चुकली असे तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. वाटा तिच्या लक्षात राहत नसत.

अनूविषयी दोन ओळी तरी पाठवाव्यात.

श्यामकांत


कातळपाडा
बुधवार, १५ जानेवारी १९८६

ती. दादांस सा. नमस्कार.

काल संक्रांतीची सुट्टी घेऊन मुलुंडला आलो होतो. सकाळी सातच्या होडीने निघालो, साडेदहाला तुमच्या दारात होतो. बाराला परत निघालो. तुम्ही घरात होतात हे लिहिण्याचे कारण नाही, पण आपले बोलणे झाले ते मी जसे समजलो तसे लिहून ठेवतो, म्हणजे काही चुकले असेल तर तुम्ही सांगाल.

तुम्ही म्हणालात की चौकशी पाच फेब्रुवारीला बोरिवलीच्या कचेरीत आहे. मी नवरा म्हणून साक्ष द्यायची. धाकूचा परवाना कायमचा रद्द झाला की मग अनूचे पाहू. तुमचे शब्द असे होते, "ज्यानं माझ्या बहिणीला मरायला सोडली तो त्या धक्क्यावर बसलेला असेपर्यंत पोर त्या गावात जाणार नाही." आईवडिलांमागे तुम्ही नलिनीला वाढवलेत. तुम्हाला असे म्हणण्याचा अधिकार आहे.

अनूला मी दहा मिनिटे पाहिले. तिच्या अंगावर नवा काळा फ्रॉक होता, वहिनींनी शिवला असेल, तिला शोभत होता. तिळगुळ दिला तो तिने दोन्ही हातांनी घेतला. मग तिने मला विचारले, "आई वरून येणार की खालून?" तिला कोणी काय सांगितले आहे ते मला माहीत नव्हते. वहिनी तिला आत घेऊन गेल्या.

जिन्यापर्यंत वहिनी सोडायला आल्या. त्यांच्यावर रागावू नये, त्यांनी मला एवढेच सांगितले की दिवाळीनंतर माझे पाकीट आले त्या दिवशी नलिनी जेवली नाही. त्यात काय होते ते तिने सांगितले नाही. रविवारी निघायचे ठरले होते, ती बुधवारीच निघाली. वहिनींनी विचारले, "भावजी, काय लिहिलं होतंत हो?" मी म्हटले, घरचेच.

होडीत परत येताना मी पाण्याकडे पाहिले नाही.

श्यामकांत


कातळपाडा
रविवार, २ फेब्रुवारी १९८६

ती. दादांस सा. नमस्कार.

काल संध्याकाळी धाकू घरी आला होता. ओट्यावर बसला. आत ये म्हटले तर आला नाही. दोन महिने त्याची होडी बंद आहे, दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी ओढायला जातो. बुधवारी चौकशी आहे, तिथे काय सांगू, असे विचारायला आला होता. म्हणाला, "तुमी सांगाल तसा सांगेन मास्तर."

त्याने असे का विचारावे ते तुम्हाला कळणार नाही, कारण मी तुम्हाला सांगितलेले नाही. आता सांगतो. आधीच्या तिन्ही पत्रांत हे टाळले आहे.

नलिनीला काढले त्या संध्याकाळी धाकू तिची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. उघाडीजवळ, म्हणजे बांधातून पाणी सोडायची फळी असते तिथे, ती अडकली होती. तेव्हा त्याने मला सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहितो.

"मी बायला बोललो, आज पुनवेचा उधान हाय, वरून जा. नाय तर माझ्या घरी बस दोन घंटे, पानी उतरला का जा. बाय बोलली, मास्तरनी लिवून दिलाय. कागूद दाखवला. मना वाचता येत नाय. मास्तरचा कागूद, मी काय बोलनार?"

कागद पिशवीत होता. तो मीच पाठवला होता, तुमच्या पत्त्यावर, वहिनी म्हणतात त्या पाकिटातून. तो नकाशा होता.

दिवाळीला तुमच्याकडे निघण्यापूर्वी आमचे भांडण झाले होते. आवाज चढवून नव्हे, तसे आमच्यात होत नसे. ती म्हणाली, मला इथे विचारत फिरायला आवडते, नाहीतर दिवसभर बोलायला कोण आहे. मी म्हणालो, तू मॅट्रिक झालेली आहेस, अडाण्यासारखे दारोदार विचारणे तुला शोभत नाही. भाऊबीज झाली, सहा दिवस झाले, तिचे पत्र नव्हते. मी ठरवले की तिला विचारावेच लागू नये अशी सोय करायची.

बुधवारी, वीस नोव्हेंबरला, शाळा सुटल्यावर मी बांधावर गेलो. शुद्ध अष्टमी होती. पाऊणपटीने भरती सहाला. मी बरोबर सहाला बांधाच्या मध्यावर उभा होतो. फूटपट्टी नेली होती. पाणी बांधाच्या खाली सव्वा फूट होते. बांध कोरडा. मला वाटले, ही माणसे उगाच भरतीला घाबरून वरून वळसा घालतात. घरी येऊन ड्रॉइंगच्या कागदावर नकाशा काढला. उत्तर दिशा वर, प्रमाण दिले, पेन्सिलीने रेघा, शाईने नावे. धक्का, बांध, उघाडी, चिंच, आपले घर. उघाडीच्या अलीकडे बांधाला एक खांड पडलेली आहे, तीन हात रुंद, तिच्यावर दोन फळ्या टाकलेल्या असतात. ती मी दाखवली नाही. फळ्या होत्या, त्यावरून चालता येत होते, म्हणजे ती वाटच, असे मी धरले.

खाली लिहिले, "ही वाट भरतीलाही चालते. यापुढे कोणाला विचारण्याची गरज नाही."

अष्टमीला इथे भांग असतो. भांगाची भरती अर्धीच चढते. हे माझ्या शाळेतल्या पहिलीच्या मुलालाही ठाऊक आहे. पौर्णिमेला तीच भरती बांधावर गुडघाभर येते, फळ्या तरंगून निघून जातात आणि पाण्याखालची खांड दिसत नाही. भरती किती वाजता ते मी शिकलो होतो. पाणी किती, ते मी कोणाला विचारले नव्हते.

त्याच पाकिटात चार ओळींचे पत्र होते. इथे राहायचे असेल तर वाटा शिकून घे, राहायचे नसेल तर तसे कळव, असे त्यात होते. वहिनींना मी घरचेच म्हणालो ते हे. ती कळवण्याऐवजी चार दिवस आधी निघाली आणि धक्क्यावर उतरून कोणाला काही न विचारता नकाशाप्रमाणे आली. म्हणजे ती वाट चुकली नाही दादा. मी दाखवली तिथूनच आली.

कागद माझ्याजवळ आहे. रेघा आहेत, शाई सगळी पसरली आहे. काय लिहिले होते ते कोणालाही वाचता येणार नाही. धाकूला तर कोरडा असतानाही वाचता आला नाही. मी गप्प राहिलो तर हे कायमचे गप्प राहील. सही करताना मला ते माहीत होते. मुलुंडला तुमच्यासमोर बसलो होतो तेव्हाही.

काल मी धाकूला विचारले की पोलिसांनी विचारले तेव्हा कागदाचे का सांगितले नाहीस. तो म्हणाला, "तुमी आमच्या पोरांना लिवायला शिकवता. तुमचा कागूद खोटा हाय असा मी कसा सांगू?"

मी त्याला म्हटले, जे झाले तेच सांग. तो उठून गेला.

बुधवारी मी कचेरीत हे सगळे सांगणार आहे. त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावे म्हणून लिहिले. उद्या सकाळी पत्र टाकतो, मंगळवारी मिळेल.

अनूविषयी मी काही मागत नाही, असे शेवटी लिहायचे ठरवले होते. ते खोटे होईल. मागतो आहे. महिन्यातून एक रविवार तिला पाहू द्यावे. इथे आणणार नाही.

श्यामकांत


कातळपाडा
रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

ती. दादांस सा. नमस्कार.

गुरुवारी माझे पत्र परत आले. पाकिटावर पोस्टमनने "घेण्यास नकार" असे लिहिले आहे. पाकीट फोडलेले नाही. म्हणजे बुधवारी कचेरीत मी उभा राहिलो तेव्हा तुम्हाला काहीच माहीत नव्हते. मला वाटत होते की वाचूनही तुम्ही आला आहात, आणि मला त्याचा थोडा धीरही आला होता.

तुम्ही मध्येच उठून गेलात, म्हणून पुढचे लिहितो.

साहेबांनी कागद उजेडाला धरून पाहिला, उलटा करून पाहिला. म्हणाले, "मास्तर, यावर तर एक अक्षर दिसत नाही. तुम्ही कशाला स्वतःवर ओढवून घेता?" मी अक्षरे म्हणून दाखवली. कुठल्या कोपऱ्यात काय होते तेही बोटाने दाखवले. त्यांनी लिहून घेतले आणि विचारले, मग तक्रारीवर सही का केलीत. मी म्हटले, मुलगी परत मिळेल म्हणून. त्यांनी तेही लिहिले. धाकूवरची तक्रार निकालात काढली. माझ्यावर काही करण्यासारखे नाही म्हणाले, खोट्या सहीबद्दल समज दिली.

बाहेर जिन्यावर धाकू बिडी पीत उभा होता. मला वाटले होते, त्याला बरे वाटेल. तो म्हणाला, "मी सांबाळला असता ना, मास्तर." आणि पुढे निघाला. परत येताना आम्ही एकाच होडीत होतो, दोन टोकांना.

परवाना मिळाला, पण होडी आता त्याचा मेहुणा चालवतो. धाकू मासळीच्या होड्यांवरच जातो. सकाळी शाळेवरून जाताना पूर्वी वर्गात डोकावून मुलांना हाक मारायचा, ते बंद झाले. गावात मला कोणी काही बोलले नाही. मुले शाळेत येतात. पाणी भरायला गेलो की बायका कळशी पुढे घ्यायला वाट देतात. कृष्णाबाई भाकरी आणून ठेवतात, पण माझी चेष्टा करायच्या तशी आता करत नाहीत. नलिनीने या लोकांशी पाच महिन्यांत जे जोडले होते त्यातले थोडे माझ्या वाट्याला आले होते असे दिसते. तेही मी वापरून टाकले.

परत आलेले पत्र या पाकिटात पुन्हा घालतो आहे. कचेरीत सांगितले त्यापेक्षा त्यात जास्त आहे. तुम्ही वाचावे एवढ्यासाठीच. त्यावर उत्तर हवे असे नाही.

श्यामकांत


कातळपाडा
बुधवार, २६ मार्च १९८६

ती. दादांस सा. नमस्कार.

आज धुळवड. शाळा बंद आहे. सकाळपासून सगळा पाडा दर्याकडे गेला आहे, होड्यांना पताका लावल्या आहेत, ढोल ऐकू येतो. माझ्या अंगणापर्यंत कोणी रंग घेऊन आले नाही, दुखवट्याचे घर म्हणून. मी घर झाडले, पाणी भरले, तांदूळ निवडले.

फेब्रुवारीतले पाकीट परत आले नाही. तुम्ही ठेवून घेतलेत की टाकून दिलेत, मला समजत नाही.

परवा वहिनींचे कार्ड आले. तुम्हाला माहीत असेल, किंवा नसेल. पाच ओळी आहेत. अनूचे नाव जूनमध्ये तुमच्या घराजवळच्या शाळेत घालणार आहात. ती बरी आहे, वजन वाढले आहे. मी घरी येऊ नये असे तुमचे म्हणणे आहे, महिन्यातून एकदाही नाही. शेवटची ओळ अशी आहे, "अनू आता मला आई म्हणते, तुम्ही वाईट वाटून घेऊ नये." वाईट वाटून घेण्याचा प्रश्न नाही. हाक मारायला कोणी तरी समोर हवे. वरून की खालून, असे तिने आता विचारायचे सोडले असेल.

तुम्ही तिला नीट वाढवाल. नलिनीला वाढवलेतच. नाव घालताना जन्मदाखला लागेल, तो सोबत जोडला आहे. मूळ प्रत आहे, माझ्याजवळ दुसरी नाही. तिचे एक लोकरीचे टोपडे आणि लाकडी बदक इथे आहे. ते पाठवू की नको, ते वहिनींनी कळवले तरी चालेल.

बदलीचा अर्ज मी केलेला नाही. घाटकोपरला आता भावाचे लग्न ठरले आहे, खोलीत जागा नाही. आणि इथल्या वाटा मला आता येतात. फेब्रुवारीपासून मी शाळेच्या फळ्यावर रोज सुविचाराच्या जागी तिथी, भरतीची वेळ आणि उधाण की भांग, हे लिहितो. मुले हसतात. त्यांना ते फळ्यावर पाहावे लागत नाही. गेल्या आठवड्यात एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, हे कोनासाठी लिवता?" मी तिला पाढे म्हणायला सांगितले.

खांडीवर गावकऱ्यांनी नव्या फळ्या टाकल्या आहेत आणि या वेळी दोराने बांधल्या आहेत. मी अजून त्यावरून गेलो नाही. नकाशा मी फाडलेला नाही. ट्रंकेत तिच्या साड्यांच्या खाली ठेवला आहे.

यापुढे तुम्हाला लिहिण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. पत्राला उत्तर येत नाही याची सवय झाली आहे, लिहिण्याची मोडायला वेळ लागेल एवढेच.

पत्राची पेटी धक्क्यावर आहे. पोस्टमन एक वाजता ती उघडतो. पंचांगात आजही पौर्णिमाच आहे, भरती सव्वाअकराला. आता अकराला दहा कमी आहेत. भात झाला आहे, तो उतरवून झाकून ठेवला. आल्यावर जेवेन. दाराला कडी लावतो आणि वरून निघतो.

श्यामकांत